चौदा नंबरचा तंबू

मे महिना तापला की आमच्या लासुर्ण्यात अकरानंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. ती कुठं जातात हे मला नेमकं ठाऊक आहे. पाटाच्या कडेला एक जुनी चिंच आहे, तिच्या बुंध्यापासून चार हातांवर, ओलही नाही आणि धगही नाही अशा जागेत ती अंग टाकून पडलेली असतात. हे शिक्षण माझ्या आजोबांचं, आबांचं. कुत्र्याला जागा कळते, माणसाला नुसता सातबारा कळतो, असं ते म्हणायचे. मी बारामतीच्या शाळेत इतकी वर्षं भूगोल शिकवला, पण वारा कुठून येतो ते अजूनही पुस्तकाआधी कुत्र्याकडं बघून ठरवते.

सुट्टी लागली की मी दादांकडं, म्हणजे वडिलांकडं, गावी येते. परवा दुपारी आम्ही दोघं ओसरीवर आंबे चोखत बसलो होतो, तेवढ्यात पुण्याहून विलासचा मेसेज आला. विलास माझा धाकटा भाऊ. तो, त्याची बायको आणि पोरं घाटाजवळच्या कुठल्याशा मोठ्या पार्कात निघाली आहेत. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, आणि राहायला चक्क तंबू. ‘ताई, तंबूत राहायची आमची पहिलीच वेळ. सुट्टीची फार गर्दी असते म्हणे. काय काय न्यावं?’ पहिलीच वेळ म्हणे. मी हसत सुटले. गधड्या, सात वर्षांचा होतास, विसरलास? मेसेजच्या खाली आणखी एक ओळ होती, ‘दादा येतात का विचार.’ ती ओळ मी वाचली आणि फोन पालथा ठेवला. तिच्याकडं नंतर येते.

तर पहिल्यांदा तंबूत राहायला जाणाऱ्यानं काय न्यावं. बॅटरी, चटई, डासांचं मलम, जास्तीचे टॉवेल. हे सगळं कुणीही सांगेल. मला मात्र नव्वदीच्या दशकातला मधलाच एक उन्हाळा आठवतो. मी सातवीतून आठवीत गेले होते आणि आमच्या घरात निरोप पोचवायचं काम माझ्याकडं होतं.

ते असं. आबा आणि दादा एकमेकांशी बोलत नव्हते. दोन वर्षं झाली होती. आमच्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या मेंढरं. दसरा झाला की कळप घेऊन कोकणाकडं उतरायचं आणि पावसाच्या तोंडाला परत यायचं. दादांचं स्वतःचं लहानपण त्या वाटेवर गेलेलं. पुढं रानाला पाटाचं पाणी आलं, ऊस उभा राहिला, आणि दादांच्या मनानं घेतलं की आता हे वणवण फिरणं पुरे. आबा मोरगावला एका लग्नाला दोन दिवस गेले असताना दादांनी मेंढरं विकून टाकली. आबा परत आले. रिकामी जागा बघितली. कुणाला काही विचारलं नाही. मेंढरांभोवती लावायची ती जाळी, तिला वाघूर म्हणतात, ती त्यांनी घडी करून माळ्यावर टाकली आणि घोंगडं घेऊन अंगणात जाऊन बसले. त्या दिवसापासून लेकाशी अक्षर नाही.

पण एका घरात राहायचं म्हणजे बोलावं तर लागतंच. मग आबा दादांच्या समोर बसून मला म्हणायचे, “मंगे, तुझ्या बापाला सांग, मोटार चालू राहिलीया.” दादा माझ्याकडं बघून म्हणायचे, “म्हणावं, ठाऊक हाय मला.” मधे अंतर फार तर दहा फुटांचं. पहिले काही महिने मला या कामाचा मोठा रुबाब वाटला. नंतर कंटाळा आला, आणि मग मी निरोपाला साखर लावायला शिकले. दादा म्हणाले, “त्यांना म्हण, गप ऱ्हावा,” की मी सांगायची, “आबा, दादा म्हणतेत जरा टेका.” दोघांनाही सगळं ऐकू गेलेलं असायचं, तरी दोघं माझंच बोलणं खरं धरायचे. मला मात्र आतून सारखं वाटायचं, एकदा तरी यांनी सरळ बोलावं आणि मला खेळायला सोडावं. देवापुढं हात जोडले की मी पहिल्या नंबराच्या आधी हेच मागायची.

त्या उन्हाळ्यात खताच्या दुकानदारानं सोडत काढली. पहिलं बक्षीस स्कूटर, दुसरं मिक्सर, आणि तिसरं लागलं आम्हाला. एक चकचकीत कागद. सोलापूर रस्त्यावर, भिगवणच्या अलीकडं, धरणाच्या पाण्याकाठी नवं पार्क झालं होतं. तिथं पाच जणांनी दोन दिवस राहायचं, तंबूसह. दादांच्या मनात आम्ही चौघांनीच जायचं होतं. आई म्हणाली, “कागदावर पाच ल्हेलंत. चौघं गेलो तर एकाचं वाया जातंय.” ताटातलं शीत वाया गेलेलं जिला बघवत नाही तिच्यापुढं कोण काय बोलणार.

मी अंगणात जाऊन आबांना सांगितलं. पार्क, पाळणे, आकाशाला लागलेलं चाक, असं काय काय सांगितलं. ते नुसते ऐकत होते. शेवटी म्हटलं, “आणि ऱ्हायाला तंबू हाय.” तेव्हा त्यांनी मान वर केली. “तंबू? आपण लावायचा?” मला काय माहीत. मी म्हटलं, व्हय. झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर आबा बाभळीच्या आठ खुंट्या, एक मोगरी, सुताचा दोर, घोंगडं आणि काठी घेऊन सगळ्यांच्या आधी तयार. माझा तो एक व्हय पुढं किती महागात पडणार होता, आणि किती उपयोगी.

इथं पहिला धडा सांगून टाकते. गर्दीच्या जागी पोट भरून जावं. पार्काच्या दारात ट्रक, टेंपो, जीपगाड्या, पुण्याची माणसं, बारामतीची माणसं, सगळी एकाला एक चिकटून उभी. दारावरचा माणूस आईच्या गाठोड्याकडं बोट दाखवून म्हणाला, बाहेरचं खाणं आत चालत नाही. आईनं त्याच्याशी हुज्जत घातली नाही. तिनं तिथंच बाजूला लिंबाच्या सावलीत फडकं पसरलं, दशम्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी काढली आणि म्हणाली, “मग बाहेरच खाऊन घिऊ.” आमचं बघून आणखी दोन कुटुंबांनी डबे उघडले. अर्ध्या तासानं तो दारवाला स्वतःच येऊन एक दशमी घेऊन गेला.

आत गेलो आणि आबांचा चेहरा पडला. तंबू आधीच लावलेले होते. कुंपणाच्या भिंतीला लागून, खोलगट जागेत, ओळीनं वीस निळे तंबू, प्रत्येकावर पत्र्याचा नंबर. आमचा चौदा. खाली पाणी मारलेली हिरवळ, वर मे महिना. आत डोकं घातलं तर घामाच्या धारा लागल्या. आबांनी जमिनीला तळहात लावून बघितला. “हितं कोण निजंल? खाली वल, वर भट्टी. तुझ्या बापाला सांग, ही जागा माणसाची न्हाय.” दादांनी ऐकलं होतंच. आजूबाजूला शर्ट-पँटीतली माणसं बघत होती, त्यामुळं ते हळू आवाजात म्हणाले, “म्हणावं, हितं तरी तमाशा नको. ह्यापुढं त्यांना कुठं न्हाय आणणार.” याला कुठली साखर लावायची? दादा विलासचं बोट धरून पाळण्याच्या रांगेत उभं राहायला निघून गेले.

आबा उठले आणि फिरायला लागले. मी मागं मागं. नव्या मुलखात तळ टाकताना ते असंच करायचे, असं आई सांगायची. आधी फिरायचं, मूठभर धूळ सोडून वारा बघायचा, आणि मग कळपाचं कुत्रं कुठं बसतंय याची वाट बघायची. कुत्रं बसलं की तिथं काठी रोवायची. इथं कळप नव्हता पण कुत्रं होतं. पार्कातलंच, तांबडं, कान तुटलेलं. एका उंचवट्यावर गुलमोहराच्या पातळ सावलीत ते खुशाल लोळत होतं. आबा तिथं जाऊन उभे राहिले. पश्चिमेकडनं, धरणाच्या पाण्यावरनं, वारा येत होता. खरंच गार वारा. आबांनी काठी रोवली.

उंचवट्याभोवती बारीक रूळ होते, हे मला दिसलं होतं आणि आबांनाही. पण आमच्या भागात साखर कारखान्यात ट्रॉल्यांचे असे जुने रूळ कुठं कुठं पडलेले असायचे, गवतात, गंजलेले. आबा म्हणाले, “हितंबी कारखाना असंल पूर्वी.” आम्ही त्यावर विश्वास ठेवला.

मग आम्ही तिघांनी चौदा नंबरचा तंबू उपटला. पार्कातली सगळी माणसं जेवायला नाहीतर लाटांच्या हौदावर गेलेली, आम्हाला हटकायला कुणी नव्हतं. सगळ्यात नवल आईचं. तिचं माहेरही मेंढरांचंच. तिनं पदर खोचला, ओठ घट्ट दाबून खांब धरला आणि वीस वर्षांनी लहान होऊन कामाला लागली. पार्काच्या लोखंडी खुंट्या आबांनी बाजूला टाकल्या, बाभळीच्या ठोकल्या, बाजूचं कापड गुंडाळून वर बांधलं. वारा आरपार. नंबराचा पत्रासुद्धा आम्ही सोबत आणला, पत्ता चुकायला नको म्हणून. आबा घोंगड्यावर बसले, आई आडवी झाली, कुत्रं येऊन दोरापाशी पुन्हा झोपलं. दोन वर्षांत आबांना मी असं ऐसपैस बसलेलं बघितलं नव्हतं.

तीन वाजता शिट्टी झाली आणि रुळावरनं आगीनगाडी आली. लहान मुलांची, रंगीत, आठ डब्यांची, खचाखच भरलेली. ती आमच्या उंचवट्याला गोल वळसा घालून गेली. लोकांना वाटलं, हा पार्काचाच देखावा आहे. फेटा, घोंगडं, काठी, कुत्रं. कशाचीच उणीव नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईनं कॅमेरा काढला. आणि पाचव्या डब्यात दादा होते, मांडीवर विलास.

विलास ओरडला, “आबा!” दादांनी आधी तंबू बघितला, मग पत्र्यावरचा चौदा, मग बापाला. गाडी पुढं गेली. तिकिटात तीन फेऱ्या होत्या, मधे उतरायची सोय नव्हती. दुसऱ्या फेरीला दादा उलट्या बाजूला, पाळण्याकडं बघत होते. मान अशी वळवलेली की कुणाला वाटावं लचकली असेल. विलास पुन्हा ओरडला, आबांनी पुन्हा हात केला. मला कसंसंच झालं. दादांना ज्या गोष्टीपासून लांब जायचं होतं तीच त्यांच्याभोवती, खरं तर तेच तिच्याभोवती, गोल फिरत होते, आणि लोक टाळ्या वाजवत होते. तिसऱ्या फेरीला दादांनी मान वळवली नव्हती. शेजारचा माणूस त्यांना काहीतरी विचारत होता आणि ते उत्तर देत होते. काय ते मला कळलं नाही. नंतर विलासनं सांगितलं. तो माणूस म्हणाला, “पोरगं आबा म्हणतंय, तुमचे कोण लागतात का?” आणि दादा म्हणाले, “वडील हायत माझे.”

गाडी थांबेपर्यंत मॅनेजर येऊन पोचला होता. टाय लावलेला, घामाघूम, पण भला माणूस. त्याला ओरडावं की हसावं हे ठरवता येईना. “अहो आजोबा, तंबू असा उचलून नेतात का?” आबा शांतपणे म्हणाले, “तंबू उचलायलाच असतोय. जागचा हलत न्हाय ती भिंत.” तेवढ्यात दादा धापा टाकत आले. आता भांडण होणार, मला सगळं पोचवावं लागणार, म्हणून मी आधीच दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले. दादांनी मॅनेजरची माफी मागितली. म्हणाले, लगेच हलवतो.

तंबू उतरवायला दोन जाणती माणसं लागतात. एकानं खांब धरायचा, दुसऱ्यानं समोरचा दोर थोडा थोडा सोडायचा. आबांनी खांब धरला, दादा दोरापाशी बसले. मी मधे. आबा म्हणाले, “मंगे, बापाला सांग, दोर ढिला कर.” मी वळून सांगितलं. दादा म्हणाले, “म्हणावं, आधी वाऱ्याकडचा सोडतो.” मी परत वळले. तेवढ्यात वारा भरला, कापड फुगलं, खांब कलंडला आणि आबा त्याच्याबरोबर दोन पावलं फरफटत गेले. निरोप वाऱ्याच्या वेगानं जात नाही हे तिथं सगळ्यांनाच कळलं.

“अरं ढिला कर की, ज्ञाना!”

“करतोय की, आबा!”

बस, एवढंच. मी दोघांच्या मधे हात लोंबकळत उभी. मग मला कुणी विचारेनाच. “त्यो धर.” “हां, धरला.” “गाठ आखडली का?” “निघाली.” दादांची बोटं त्या गाठीत सराईतासारखी चालत होती; इतक्या वर्षांच्या उसानं ती विसरली नव्हती. आई पदर तोंडाला लावून दुसरीकडं बघत होती. पुढं आबा म्हणाले, मोडायचा कशाला, असाच नेऊ. चार कोपरे आबा, आई, मी आणि बघणाऱ्यांतल्या एकानं धरले, मधला खांब दादांनी, आणि उभाच्या उभा तंबू घेऊन आम्ही उतारावरनं चाललो. विलास पत्रा घेऊन पुढं. मॅनेजर हसायला लागला तो थांबेना. त्यानं कुंपणाच्या टोकाला लिंबाखाली जागा दिली, वाऱ्याच्या तोंडावर. एक खुंटी त्या उंचवट्यातच राहून गेली.

तिथनं पुढचं सगळं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. नायलॉनचा पोशाख घालायला लागतो म्हणून आई हौदात उतरली नाही, पण लहान मुलांच्या डबक्यात लुगडं गुडघ्यापर्यंत घेऊन दोन तास बसली आणि म्हणाली, जन्माची हौस फिटली. कारंज्याखाली नाचणाऱ्या लोकांकडं बघून आबा म्हणाले, “मोरगावला टँकरची वाट बघत्यात आन् हितं पाऊस बटणावर हाय,” आणि मग स्वतःच चपला काढून त्याच्याखाली जाऊन उभे राहिले, फेट्यासकट. दुपारी आमच्या लिंबाखाली वारा लागतो हे कळल्यावर अकरा नंबर आणि सोळा नंबरवाले उशा घेऊन आले. आबांनी त्यांच्याही तंबूंची तोंडं फिरवून दिली. मॅनेजरनं न बघितल्यासारखं केलं.

आणि ते चाक. मोठ्या पाळण्यात दादा आणि आबा शेजारी, समोर मी आणि विलास. वर गेलो तसं धरणाचं पाणी पसरलेलं दिसलं. आबांनी काठीनं दाखवलं, “तितं, त्या पाण्याखाली, आपला तळ पडायचा. तुला गोवर आला हुता तितं.” दादा म्हणाले, “मेंढीच्या लोकरीत गुंडाळून ठिवला हुता मला. आठवतंय.” मग चाक खाली यायला लागलं. खाली येता येता दादा म्हणाले, “आबा, विचारून विकायला पायजे हुती.” आबा म्हणाले, “विचारलं असतंस तर मी न्हाय म्हणालो असतो. पण विचारायचं.” मी विलासचा हात घट्ट धरून बसले होते. मला इतकं बरं वाटत होतं की खाली उतरायचंच नव्हतं.

त्यानंतर मेंढरं परत आली नाहीत, ऊसच राहिला. आबा अंगणातच झोपत राहिले, पण दादांनीही आपली बाज त्यांच्या शेजारी टाकली. पहाटे दोघांचं बोलणं सुरू व्हायचं, पाण्याची पाळी, कुणाचं लग्न, आणि आई आतनं म्हणायची, आता जरा झोपू द्या की. माझी नोकरी गेली होती. मी खूश होते.

आता आबा नाहीत, आई नाही. दादा आबांच्या वयाचे झालेत. आणि ती ओळ, ‘दादा येतात का विचार’. विलासकडं दादांचा नंबर आहे. पण दिवाळीत तो त्यांना कायमचं पुण्याला न्यायला आला होता. ते नाही म्हणाले, तो चिडून बोलला, तेही बोलले. तेव्हापासून ‘दादांना सांग’ आणि ‘त्याला म्हणावं’. मी मुकाट्यानं जुन्या नोकरीवर रुजू झाले होते. साखरसुद्धा लावत होते.

आज सकाळी विलासचा फोन आला. “ताई, विचारलंस का?” दादा समोर बाजेवर बसलेले, कान इकडंच. म्हणाले, “त्याला म्हणावं, माझं काय पाळण्यात बसायचं वय हाय का.” माझ्या तोंडात गोड वाक्य तयार होतं. ते गिळलं. उठून फोन दादांच्या हातात दिला. म्हटलं, “तुमीच सांगा. माझ्यानं आता व्हत न्हाय.”

दादांनी फोन कानापासून लांब धरला. आतनं विलासचा आवाज आला, “दादा?” पाटाकडनं वाऱ्याची एक झुळूक आली. दादांनी घसा खाकरला.

“तंबूचं तोंड कुनीकडं हाय रं?”

“मला काय कळतंय दादा त्यातलं. तुम्हीच येऊन बघा की.”

दादांनी फोन हातात तसाच धरून माझ्याकडं बघितलं.

“मंगे, आबांच्या खुंट्या माळ्यावर हायत का बघ.”